ओपन सोर्स प्रकल्पात पेलेल असे पहिले काम कसे शोधावे

मुंबईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने विचारले आहे: “मी दोन महिने रोज रात्री गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल लावून शोधते आहे. जे काम उघडावे ते कुणीतरी आधीच मागितलेले असते, नाहीतर दोन वर्षे तसेच पडलेले असते, नाहीतर वाचून काही उमगत नाही. मला पायथन बऱ्यापैकी येते, गिट जेमतेम येते, लॅपटॉप ८ जीबीचा आहे आणि इंग्रजीत सगळ्यांसमोर लिहायची धास्ती वाटते. माझ्यासारखीने पहिले काम शोधायचे कुठे आणि कसे?”

मी अठरा वर्षे ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, काम करतो आहे. सुरुवातीला इतरांच्या प्रकल्पांना पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवत असे. नंतर मराठी ग्रंथालयांसाठी असलेल्या एका छोट्या ग्रंथसूची-प्रकल्पाचा मेंटेनर, म्हणजे आलेले बदल तपासून स्वीकारणारा, झालो. दर शनिवारी दुपारी दादरला आम्ही पाच-सात जण लॅपटॉप घेऊन बसतो आणि नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न घेऊन येतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

दोन महिन्यांत हाती काही लागले नाही, यात तुमची काही चूक नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ‘नवशिक्याला जमेल’ असे सांगणारे ते लेबल कसे लागते ते आधी समजून घ्या. मेंटेनर तक्रारींची यादी वाचत असतो, एखादी तक्रार त्याला अर्ध्या तासाची वाटते, आणि तो लेबल लावून पुढे जातो. तो अर्धा तास त्याचा असतो. रोज दादरला गाडी बदलणाऱ्याला तिथला पूल सोपाच वाटतो; गावाहून पहिल्यांदा आलेला माणूस त्याच पुलावर भलत्या फलाटावर उतरतो. शिवाय मोठ्या, प्रसिद्ध प्रकल्पांवर हजारो नवशिक्यांची नजर असते. तिथे असे काम जाहीर झाले की काही तासांत कुणीतरी “हे मला द्या” असे लिहून जाते, आणि पुष्कळदा परत फिरकत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी तसा हा प्रकार आहे. रुमाल असतो, माणूस नसतो, आणि बाकीचे उभे राहतात.

लेबले निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. प्रत्येक प्रकल्पात त्यांचे नाव आणि वजन वेगळे असते, एवढे लक्षात ठेवावे. मोझिलामध्ये ‘गुड फर्स्ट बग’ म्हणतात आणि अशा कामांपैकी बऱ्याच कामांना मार्गदर्शकाचे नाव जोडलेले असते; लिबरऑफिसमध्ये ‘ईझी हॅक’ म्हणतात आणि त्यांतही काठिण्याच्या पायऱ्या केलेल्या आहेत; जँगोच्या यादीत ‘ईझी पिकिंग्ज’ ही खूण असते, विकिमीडियात ‘गुड फर्स्ट टास्क’, ग्नोममध्ये ‘न्यूकमर्स’, डेबियनमध्ये ‘न्यूकमर’. रस्ट भाषेच्या प्रकल्पात ‘ई-मेंटॉर’ असे लेबल आहे, आणि काम सोपे आहे असा दावा ते करत नाही. या कामात शिकवायला कुणीतरी तयार आहे, एवढेच सांगते. माझ्या मते नवशिक्याला त्याचाच उपयोग अधिक. माणूस मिळाला की काम थोडे अवघड असले तरी चालते.

आता मुख्य मुद्दा. काम सोपे आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारणे सोडून द्या, कारण प्रकल्पाची ओळख होण्याआधी त्याचे खरे उत्तर तुम्हाला देता येणार नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. हा दोष मला माझ्या यंत्रावर, माझ्या डोळ्यांनी पाहता येतो का? आणि काम पुरे झाले हे मला दुसऱ्या कुणाला न विचारता कळेल का? या दोन्हींचे उत्तर होय असेल तर ते काम दहा ओळींचे असो की शंभर, तुम्ही ते हाती घेऊ शकता. उत्तर नाही असेल, तर दोन ओळींचे कामही तुम्हाला महिनाभर लटकवत ठेवील.

याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. पवईच्या आयआयटीतील फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करणाऱ्या प्रकल्पाने ‘टेक्स्टबुक कम्पॅनियन’ नावाचे काम वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांकडून करून घेतले. अभियांत्रिकीचे एखादे प्रमाण पाठ्यपुस्तक घ्यायचे, त्यातली सोडवून दाखवलेली उदाहरणे सायलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहून सोडवायची आणि तो कोड सर्वांसाठी खुला करायचा. या योजनेची खुबी अशी की उत्तर पुस्तकात छापलेले असते. आपला कोड बरोबर आहे की नाही, हे लहान गावातल्या महाविद्यालयातल्या मुलालाही रात्री अकरा वाजता, कुणाला फोन न करता कळते. ज्यांनी हे काम आखले त्यांना नवशिक्याची अडचण नेमकी समजली होती, असे मला मनापासून वाटते.

मग असे काम शोधायचे कुठे? जे सॉफ्टवेअर तुम्ही आधीपासून वापरता तिथे. तुम्ही पायथन लिहिता, म्हणजे महाविद्यालयीन प्रकल्पासाठी काही पॅकेजेस (इतरांनी लिहिलेले तयार कोडसंच) बसवलेली असणारच. त्या बसवलेल्या पॅकेजेसची यादी काढा. मोठी, सर्वांना माहीत असलेली नावे बाजूला ठेवा आणि मागोमाग आपोआप आलेली छोटी पॅकेजेस पाहा, ज्यांना दोन-तीनच मेंटेनर आहेत. तिथे गर्दी नसते, कोड एका आठवड्यात वाचून होण्याइतका असतो आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस तोच असतो ज्याने तो कोड लिहिला.

प्रकल्प निवडताना उघड्या कामांची यादी आधी पाहू नका, बंद झालेल्या पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) पाहा. गेल्या तीन महिन्यांत काही मर्ज झाले आहे का (मूळ कोडमध्ये घेतले गेले आहे का), त्यांत बाहेरच्या, नव्या माणसाचे काही आहे का, पहिले उत्तर यायला किती दिवस लागले आणि उत्तराचा सूर कसा होता, हे अर्ध्या तासात कळते. नव्या माणसाचा पॅच सहा महिने उत्तराविना पडलेला दिसला तर तिथे थांबू नका. त्या मेंटेनरला दोष देण्याचे कारण नाही, तो नोकरी आणि घर सांभाळून हे करत असेल. पण पहिल्या कामाला उत्तर मिळणे फार महत्त्वाचे असते आणि ते जिथे मिळेल तिथेच जावे.

प्रकल्प ठरला की पहिला आठवडा कोणतेही काम मागू नका. फक्त ते सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर मुळापासून उभे करा आणि त्याच्या चाचण्या, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवून पाहा. बाजूला वही ठेवा. सूचनांमध्ये जिथे अडलात, जिथे एखादी पायरी गृहीत धरली होती, जिथे दिलेली आज्ञा आता चालत नाही, ते सगळे तारखेसह लिहा. हे अडखळणे नवख्या माणसालाच दिसते, आणि तेही दोन-तीन आठवडेच. त्यानंतर तुमच्या बोटांना सवय होते आणि त्या खाचा दिसेनाशा होतात. त्या वहीतून एक-दोन खरी कामे हमखास निघतात. “अमुक पायरीआधी तमुक लायब्ररी बसवावी लागते, ते सूचनांत नाही” असा पॅच कोणताही मेंटेनर आनंदाने घेतो, कारण स्वतःच्या यंत्रावर तो ते कधीच पाहू शकत नाही.

८ जीबीच्या लॅपटॉपचा विचार इथे करावा लागतो. लिबरऑफिस संपूर्ण बिल्ड करायला, म्हणजे मूळ कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करायला, साध्या लॅपटॉपवर कित्येक तास लागतात, आणि वसतिगृहाच्या वाय-फायवर तर तो स्रोत उतरवणे हेच एक काम होऊन बसते. फायरफॉक्समध्ये यावर सोय आहे: ‘आर्टिफॅक्ट बिल्ड’ निवडले की सी-प्लस-प्लस आणि रस्टचा भाग आधीच तयार केलेला उतरतो आणि जावास्क्रिप्ट-सीएसएसचे काम लगेच सुरू करता येते. गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साधन आहे; कोणत्याही गिट रेपॉझिटरीचा (कोडच्या साठ्याचा) पूर्ण इतिहास न घेता फक्त शेवटची अवस्था उतरवता येते, त्यानेही पुष्कळ डेटा वाचतो. तरीही माझा सल्ला असा की पहिला प्रकल्प असा निवडा ज्याच्या सगळ्या चाचण्या तुमच्या लॅपटॉपवर पाच मिनिटांत चालून होतात. बदल करायचा, चाचणी चालवायची, परत बदल करायचा, हे दिवसातून वीस वेळा करता आले पाहिजे. शिकणे त्या वीस फेऱ्यांत असते.

कामांचे प्रकार मी सगळे मोजत बसत नाही. एका प्रकाराकडे मात्र तुमचे लक्ष वेधतो, कारण त्याकडे फार कमी जण वळतात. प्रकल्पाच्या यादीत जुन्या तक्रारी पडलेल्या असतात: “आधी हे चालत होते, आता चालत नाही.” अशी एक तक्रार घ्या. ताज्या आवृत्तीवर ती अजून दिसते का, ते तपासा. दिसत असेल तर ‘गिट बायसेक्ट’ ही आज्ञा वापरा. चांगली जुनी अवस्था आणि बिघडलेली नवी अवस्था सांगितली की गिट त्यांच्या मधोमधच्या अवस्थेवर नेऊन ठेवते. तुम्ही चालवून पाहायचे आणि चांगले की वाईट एवढेच सांगायचे. हजार बदल असले तरी सुमारे दहा फेऱ्यांत नेमका कोणत्या बदलाने बिघाड झाला ते हाती येते. यासाठी कोड समजण्याची गरज नाही, चिकाटी लागते. “हा दोष अमुक बदलापासून आला” हे एक वाक्य मेंटेनरची संध्याकाळ वाचवते, आणि तो एकच बदल वाचताना तुम्हाला प्रकल्पाची खरी ओळख होते. अनेकदा दुरुस्तीही तिथेच दिसते. फक्त यासाठी पूर्ण इतिहास उतरवावा लागतो.

लिनक्स कर्नलविषयी, म्हणजे लिनक्स प्रणालीच्या गाभ्याविषयी, नेहमी विचारले जाते, म्हणून थोडक्यात सांगतो. तिथे ‘स्टेजिंग’ नावाच्या विभागात अजून पुरेसे नीटनेटके न झालेले ड्रायव्हर (उपकरणे चालवणारा कोड) ठेवलेले असतात, अनेकांच्या सोबत उरलेल्या कामांची यादी असते आणि मांडणीच्या बारीक चुका दाखवणारी तपासणीची स्क्रिप्टही आहे. नवशिक्यांनी तिथे हात साफ करावा हे तिथल्या मेंटेनरांनाही मान्य आहे. पण तसलेच केवळ कोडमधल्या मोकळ्या जागा नीट करणारे पॅच कर्नलच्या इतर भागांत पाठवले तर ते सहसा आवडत नाहीत. एकच काम एका दालनात स्वागतार्ह आणि शेजारच्या दालनात नको असते, हे नवख्यांना कुणी सांगत नाही.

भाषांतर हे नवशिक्याचे हमखास काम समजले जाते. मोझिलाचे पॉन्टून, ट्रान्सलेटविकी, वेबलेट अशा भाषांतराच्या ऑनलाइन ठिकाणी मराठीचे काम खुले असते आणि ते करावेच; पण ते सोपे आहे या समजुतीने करू नये. ‘ओपन’ हा शब्द बटणावर असेल तर ‘उघडा’, स्थिती दाखवत असेल तर ‘उघडे’. पडदा न पाहता ते ठरवता येत नाही. “१ फाइल हटवली” आणि “५ फाइली हटवल्या” यांत नामही बदलते आणि क्रियापदही, म्हणून एकवचन-अनेकवचनाची दोन्ही रूपे लिहावी लागतात. सॉफ्टवेअर स्वतः मराठीत लावून, चार दिवस वापरून, मग भाषांतराला बसावे.

मराठी येणे हे तुमच्याजवळचे फार मोठे भांडवल आहे, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. मराठी मजकुराचे दोष मराठी वाचणाऱ्यालाच दिसतात. आमच्याच शनिवारच्या बैठकीत घडलेली गोष्ट तपशिलाने सांगतो.

तुमच्याच वयाची एक मुलगी दोन-तीन शनिवार नुसती बसून जात होती. एकदा ती आमच्या ग्रंथसूचीत ‘दऱ्या’ हा शब्द शोधत होती. डोंगरदऱ्यांवरची सहा पुस्तके नोंदवलेली होती, पडद्यावर चारच आली. उरलेल्या दोन नोंदी उघडल्या, तर शब्द तोच, डोळ्यांना तिळमात्र फरक नाही. तिने दोन्ही शब्द पायथनमध्ये चिकटवून त्यांची लांबी मोजली. एकाची आली ५, दुसऱ्याची ६. मग एकेक वर्ण सुटा करून छापला. पाच वर्णांच्या ‘दऱ्या’मध्ये द, ऱ, हलन्त, य आणि काना होते. सहा वर्णांच्या ‘दर्‍या’मध्ये साधा र होता, त्यापुढे हलन्त, आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह, ज्याला युनिकोडमध्ये (लिपींतल्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या सामायिक पद्धतीत) झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर ऱ ला वेगळी जागा आहे, तिथून टंकले की पहिला प्रकार होतो. टंकनाच्या इतर काही पद्धतींतून आणि जुन्या मजकुराच्या रूपांतरातून दुसरा येतो. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला एकच मजकूर एका रूपात आणण्याची रीत) या दोघांना एक मानत नाही. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे.

तिथेच तिला तिचे पहिले काम मिळाले. कुठल्याही यादीत ते नव्हते, त्यावर लेबलही नव्हते. वर दिलेल्या दोन्ही कसोट्यांना मात्र ते पुरेपूर उतरत होते: दोष डोळ्यांसमोर होता, आणि सहा पुस्तके दिसली की काम झाले हे कळणार होते.

तिचा पहिला पॅच पुढच्या शनिवारी आला. तिने शोधाआधी ते अदृश्य चिन्ह काढून टाकले आणि सगळ्या ऱ चे र करून टाकले. दोन्ही ‘दऱ्या’ जुळल्या, तिची चाचणी पास झाली. आमच्यात एक निवृत्त ग्रंथपाल येतात. त्यांनी शोधपेटीत ‘दर्या’ लिहिले. समुद्रावरच्या पुस्तकांबरोबर डोंगरातली पुस्तकेही वर आली. आचार्यांना आणि आचाऱ्यांना हा फरक आपण शाळेत शिकतो, तोच तिच्या कोडने पुसून टाकला होता. ती हिरमुसली, पण ग्रंथपालांनी तिला एकच गोष्ट सांगितली: हा शब्द आता चाचणीत लिहून ठेव. तिने चाचण्या वाढवल्या. दोन्ही प्रकारे टंकलेले ‘दऱ्या’ जुळले पाहिजे, ‘दर्या’ जुळता कामा नये, दोन्ही प्रकारे लिहिलेले ‘कऱ्हाड’ जुळले पाहिजे. मग दुरुस्ती उलट दिशेने केली: र, हलन्त आणि अदृश्य चिन्ह हा क्रम एकत्र आला तरच त्याजागी ऱ आणि हलन्त लिहायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. नऊ ओळींचा कोड, तीन चाचण्या. तिसऱ्या शनिवारी तो मर्ज झाला.

कोडिंगमध्ये आम्ही बाकीचे तिच्याहून जाणते होतो, आणि तरीही हा दोष आमच्यापैकी कुणालाही सात वर्षांत दिसला नव्हता. तिला तो दिसला, कारण ती सूची खरोखर वापरत होती.

आता काम मागण्याविषयी. “मला हे काम द्या” असे लिहू नका. आधी दोष स्वतः पाहा आणि मग लिहा: “मी हा दोष अमुक आवृत्तीवर, अमुक प्रणालीवर पाहिला. अमुक फाइलमधल्या अमुक फंक्शनमध्ये कारण असावे असे वाटते. मी आधी नापास होणारी चाचणी लिहून पाठवते. रविवारपर्यंत जमले नाही तर इथे कळवीन.” इंग्रजीत ही चार छोटी वाक्ये होतात. तुमच्या भाषेला तिथे कुणी गुण देणार नाही. आवृत्ती, पायऱ्या, काय अपेक्षित होते आणि काय झाले, हे असले की व्याकरणाच्या चुका कुणी पाहत नाही. जगभरच्या मेंटेनरांपैकी फार मोठ्या संख्येची मातृभाषा इंग्रजी नाही. आणि रविवारपर्यंत खरोखरच जमले नाही तर तसे लिहा. काम सोडणे लाजिरवाणे नाही, रुमाल टाकून निघून जाणे वाईट. कुणी दुसऱ्याने काम मागून दीड-दोन महिने झाले असतील, तर “तुम्ही अजून यावर आहात का?” असे विचारून आठवडाभर थांबावे आणि मग पुढे जावे.

एआयच्या साधनाकडून तयार कोड घेऊन तो आपला म्हणून पाठवण्याचा मोह होतो. जेन्टू आणि नेटबीएसडी या संगणक-प्रणालींच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये असे योगदान नाकारण्याचे धोरण जाहीर केले. इतर अनेकांचे नियम वेगळे आहेत, म्हणून योगदानाच्या सूचना वाचूनच ठरवा. माझे स्वतःचे मत विचाराल तर पहिल्या कामात ते टाळावे. मेंटेनर विचारतो, “ही ओळ इथे का?” त्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याजवळ नसेल तर त्याचा वेळ गेला आणि तुमच्याही हाती काही लागले नाही.

उपक्रमांबाबतही असेच. गुगल समर ऑफ कोड हा नवख्यांना मानधन देऊन ओपन सोर्समध्ये काम करू देणारा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. आउटरीची ही मानधनासह इंटर्नशिप दुसरी चांगली वाट आहे. दोन्हींसाठी निवडीआधीच त्या प्रकल्पात थोडे काम केलेले असावे लागते किंवा त्याचा मोठा उपयोग होतो, म्हणून अर्जाच्या महिन्यात धावाधाव करण्यापेक्षा आधीचे सहा महिने शांतपणे काम करणारा पुढे जातो. टी-शर्टसाठी काम करू नका. ऑक्टोबरात ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या २०१४ पासूनच्या उपक्रमात २०२० साली वाचा-फाइलमध्ये (README) एखादा शब्द घुसडणाऱ्या निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना नियम बदलून, ज्यांनी स्वतःहून नाव नोंदवले त्याच प्रकल्पांना त्यात धरावे लागले.

हे उत्तर काही मेंटेनरही वाचतील, म्हणून त्यांच्याशी दोन शब्द. मी एका रविवारी बसल्या बैठकीला बारा कामांवर ‘पहिल्या कामासाठी’ असे लेबल लावले होते आणि नवे लोक येतील म्हणून वाट पाहत होतो. आले ते गोंधळून परत गेले. त्यांतली एक नोंद अशी होती: “शोध नीट चालत नाही. मदत हवी.” एवढेच. नंतर मी तीच नोंद पुन्हा लिहिली: “शीर्षकात जोडाक्षर असताना शोधाच्या निकालात ते तुटलेले दिसते. नमुना नोंदींची फाइल सोबत जोडली आहे. ती भरून ‘ज्ञान’ शोधा, ‘ज्ञ’चे दोन तुकडे झालेले दिसतील. निकाल रंगवणारे फंक्शन अमुक फाइलमध्ये आहे, दोष बहुधा तिथे मजकूर वर्णावर्णाने कापला जातो म्हणून आहे. ‘ज्ञ’ अखंड दिसला आणि तशी चाचणी जोडली की काम पूर्ण. डेटाबेसला हात लावण्याची गरज नाही. अडल्यास इथेच विचारा, मी दोन दिवसांत उत्तर देतो.” हे लिहायला मला पाऊण तास लागला. दोष स्वतः दुरुस्त करायला वीस मिनिटे लागली असती. तरीही तो पाऊण तास मी आनंदाने देतो, कारण त्या वीस मिनिटांत एक दोष गेला असता आणि या पाऊण तासात एक माणूस आला, जो आज आमच्या प्रकल्पाची छपाईची सगळी बाजू सांभाळतो.

त्यातले “डेटाबेसला हात लावण्याची गरज नाही” हे वाक्य नीट पाहा. काय करू नये हे सांगितले की नवख्याची भीती निम्म्याने कमी होते. आणि घाईचे काम नवशिक्यासाठी कधीही ठेवू नका. पुढच्या आवृत्तीसाठी जे लागणार आहे ते तुम्ही शेवटी रात्री जागून स्वतः कराल आणि बिचाऱ्याची मेहनत वाया जाईल.

तुमच्या बाबतीत सांगायचे तर, या आठवड्यात लेबल लावून शोधणे बंद करा. पॅकेजेसची यादी काढा, त्यांतले एक छोटे निवडा, ते मुळापासून उभे करा आणि वही भरत जा. जमल्यास त्याला मराठी मजकूर देऊन पाहा. कुठे काही मोडले तर तेच तुमचे काम. मुंबईत असल्याने तुम्हाला एक सोय आहे की ओपन सोर्सचा प्रसार करणाऱ्या फॉस युनायटेडसारख्या संस्थांच्या आणि पायथन वापरणाऱ्यांच्या बैठका इथे होत असतात. लॅपटॉपवर अडलेली जागा उघडी ठेवून कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसावे. तीन दिवस एकट्याने झगडलेली गोष्ट शेजारी बसलेला माणूस बहुतेक वेळा चहा येईपर्यंत सोडवून देतो.

आणि अगदीच काही सापडले नाही, तर आमच्या ग्रंथसूचीत एक काम उघडे आहे. ते ‘दऱ्या’वाल्या मुलीनेच लिहून ठेवले आहे, पुढे येणाऱ्या कुणासाठी तरी. ‘ॲप’ हा शब्द लोक चार प्रकारे टंकतात: एकाच वर्णाचा ॲ, अ आणि त्यावर सुटा चंद्र, तेच दोन, पण मध्ये ते अदृश्य चिन्ह, आणि चौथा ऍ. चारही नमुने तिने नोंदीला जोडले आहेत, कोणत्या फाइलमध्ये पाहायचे ते सांगितले आहे, आणि शेवटी लिहिले आहे की चौथ्या प्रकाराबद्दल तिची स्वतःची खात्री नाही, कारण तो हिंदी शीर्षकांतही येतो, तेव्हा आधी ग्रंथपालांना विचारा.